पट्टीवर चढणारं तेल

तोताराम भंगाळे यांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली सव्वीस तेलाच्या वासात गेली. तिथल्या प्रयोगशाळेत कोळशाचं एक टेबल होतं, पाण्याचं एक आणि तेलाचं एक. तोताराम, म्हणजे नाना, तेलाच्या टेबलावर. टर्बाइनच्या टाकीतून नमुना बाटलीत भरून यायचा. नाना तो ठरावीक तापमानापर्यंत गरम करायचे, बारीक काचनळीतून सोडायचे, किती सेकंदांत खाली उतरतो ते बघायचे, पाणी किती शिरलंय ते काढायचे आणि कागदावर आकडे लिहून साहेबांकडे पाठवायचे. तेल चांगलं निघालं तर ते टाकीत तसंच राहायचं, मग त्याला दहा वर्षं झालेली असोत की पंधरा. तारीख आली म्हणून तेल बदललं, असं त्यांनी तिथे कधी पाहिलं नाही. कॉलनीत त्यांना ‘तेलवाले नाना’ म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असे.

निवृत्तीनंतर ते आणि कोकिळाबाई जळगावात महाबळला राहायला आले. पुढे अंगण, मागे एक कढीपत्त्याचं झाड, एवढंच घर. मुलगा जितेंद्र पुण्याला होता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची दोन वर्षांसाठी बंगळूरला बदली झाली, तेव्हा तो आपली डिझेल गाडी घेऊन आला आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली.

“बाबा, पडून राहण्यापेक्षा तुम्ही चालवा. तेल कालच बदललंय, आता बघायला नको.”

नाना सदुसष्ट वर्षांचे. गाडी चालवायला ते अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले होते, तेही कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यांवर. ते गाडी जपून काढायचे. सकाळी भाजीबाजार, गुरुवारी देऊळ, महिन्यातून दोनदा बँक, कधी दवाखाना. कुठेही जा, तीन किलोमीटरच्या पुढे काम नव्हतं. त्यांनी एक वही केली. तिच्यात तारीख, मीटरचा आकडा आणि टायरमधली हवा लिहायची. दिवाळीपर्यंत गाडी चौदाशे किलोमीटरही झाली नव्हती.

आता यापुढचं तेल कधी बदलायचं, हे वहीत लिहावं म्हणून ते विचारायला निघाले, आणि तिथूनच त्यांचा गोंधळ सुरू झाला.

गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, की गाडी खडतर परिस्थितीत चालत असेल तर याहून लवकर बदला. नाना त्या ओळीवर बराच वेळ थांबले. खडतर म्हणजे घाट, वाळवंट, धुळीचे कच्चे रस्ते. आपली गाडी भाजीबाजारात जाते. मेथीच्या जुड्या आणायला जाणं खडतर कसं म्हणायचं?

कोपऱ्यावर कौतिकचं गॅरेज होतं. पंचेचाळिशीचा माणूस, वीस वर्षांचा हात. तो म्हणाला, “नाना, पुस्तक बाजूला ठेवा. आपल्याकडची धूळ पुस्तक लिहिणाऱ्यानं पाहिलीय का? पाच हजार झाले की बदलायचं.”

समोरच्या बंगल्यातले चंपालालशेठ कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठ नानांपेक्षा जास्त जळगावचे होते. ते संध्याकाळी फाटकाशी उभे राहून म्हणाले, “तोतारामभाऊ, मी तर पंधरा हजारांशिवाय हात लावत नाही. आणि सोपं सांगू? तेल काळं झालं की बदला.”

“शेठ, डिझेलच्या इंजिनात तेल दोन दिवसांत काळं होतं. रंगावरून काही कळत नाही.”

“मग कशावरून कळतं?”

याचं उत्तर नानांनी सव्वीस वर्षं कागदावर लिहून दिलं होतं. पण ते काचनळ्यांच्या आधारानं. इथे अंगणात उभं राहून काय सांगणार?

बंगळूरहून जितेंद्र फोनवर म्हणाला, “बाबा, एवढा विचार कशाला? वर्ष झालं की बदलू.”

पाच हजार, दहा, पंधरा, नाहीतर एक वर्ष. नानांनी चारही उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मग ठरवलं की उत्तर मिळेपर्यंत निदान इंजिनातलं तेल कमी होत नाही ना, तेवढं दर रविवारी बघायचं. वरून टाकायला लागलं तर असावं म्हणून त्यांनी कौतिककडून त्याच तेलाचा एक लिटरचा डबा आणून कोठीत ठेवला.

इंजिनातलं तेल बघायला एक लांब पट्टी असते. ती ओढून पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा ओढायची. तिच्यावर खाली एक खूण, वर एक खूण. तेल दोन्हींच्या मधे असलं की झालं. पहिल्या रविवारी ते मधोमध होतं. नानांनी स्टीलची मोजपट्टी लावून मोजलं आणि लिहिलं. दुसऱ्या रविवारी ते दीड मिलिमीटर वर दिसलं. आपलंच मोजणं चुकलं असेल, असं ते समजले. तिसऱ्या रविवारी आणखी वर.

गाडीतलं तेल जळून कमी होतं हे त्यांना ठाऊक होतं, गळून कमी होतं हेही. पण वाढतं? असं त्यांनी ऐकलं नव्हतं. गाडी उतारावर तर नाही ना, म्हणून त्यांनी पाण्यानं भरलेलं ताट फरशीवर ठेवून पाहिलं. फरशी सपाट होती. मग सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचा नेम केला. तरी नोव्हेंबर संपताना तेल वरच्या खुणेला टेकलं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिच्याही वर गेलं.

त्याच दिवशी ते कोठीत गेले आणि तेलाचा डबा हातात घेतला. डबा हलका लागला. झाकणाचं सील तुटलेलं होतं. उजेडात धरून पाहिलं तर आत निम्मंच तेल.

नाना डबा हातात घेऊन कोठीतल्या स्टुलावर बसले. हा डबा आपण कधी उघडला? आठवेना. पण घरात गाडीला हात लावणारं दुसरं कोणी नाही. म्हणजे आपणच दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडतो, थोडं तेल ओततो, डबा जागेवर ठेवतो आणि विसरून जातो. पट्टी वाढतेय ती त्यामुळेच.

असा विचार येण्यामागे एक कारण होतं, आणि ते सावद्याजवळच्या त्यांच्या गावी राहत होतं. त्यांचे थोरले भाऊ झिपरूआबा नानांहून आठ वर्षांनी मोठे. चाळीस वर्षं केळी पिकवलेला माणूस. चार वर्षांपूर्वी त्यांनी एकाच दिवशी तीनदा मोटार चालू करून बागेला पाणी दिलं. प्रत्येक वेळी वाटे की आज अजून दिलंच नाही. खोडं चिखलात कलंडली तेव्हा घरच्यांना कळलं. पुढे ते घराचा रस्ता विसरू लागले, मग माणसं. दोन वर्षांपूर्वी नाना भेटायला गेले तेव्हा आबांनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी मागवलं आणि नम्रपणे विचारलं, “कोनाकडले पाव्हने बापा तुमी?” त्या दिवसानंतर नाना गावी गेले नव्हते. घरी सांगायला गुडघ्याचं निमित्त होतं.

आता कोठीत बसून त्यांना वाटलं, हे आपल्या घरात आलं.

त्यांनी कोकिळाबाईंना काही सांगितलं नाही. उलट स्वतःवर पहारा बसवला. बॉनेट जिथे मिटतं तिथे त्यांनी कागदाची एक पातळ पट्टी डिंकानं चिकटवली आणि तिच्यावर सही केली. कोणी बॉनेट उघडलं तर कागद फाटणार. पुढच्या रविवारी कागद जसाच्या तसा होता, सही शाबूत होती, आणि तेल दोन मिलिमीटर वर होतं.

दुसरा कोणी असता तर इथे सुटला असता. कागद फाटला नाही, म्हणजे बॉनेट उघडलं नाही, म्हणजे तेल कोणी ओतलं नाही. नानांच्या मनात मात्र वेगळंच आलं. सही तर माझीच आहे. जो माणूस तेल ओतून विसरतो, तो कागद फाडून, नवा चिकटवून, त्यावर सही करूनही विसरू शकतो. मग या कागदावर विश्वास कसा ठेवायचा?

डब्यावरही त्यांनी पेनानं रेघ मारली होती. डब्यातलं तेल त्या रेघेवरच होतं. पण रेघही त्यांनीच मारलेली.

जानेवारीत त्यांची तऱ्हाच बदलली. बाहेर पडताना कुलूप लावून दहा पावलं गेले की परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. चहा घेतला की कप लगेच धुवून टाकायचे, म्हणजे घेतला की नाही हा प्रश्न मागे राहू नये. आणि मग धुतलेला कप बघून घेतला होता की नाही याचाच विचार करत बसायचे. बाजारात भाजीवालीनं “नाना, मघा नेली ना मेथी?” असं थट्टेनं म्हटलं, तर त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं. गाडीत समोरच्या काचेखाली कधीकधी एक पिवळा दिवा लागायचा, एका डब्यात ठिपके असल्यासारखा. तो दोन दिवस राहायचा आणि विझायचा. तो खरंच लागतो की आपल्याला तसं वाटतं, हेही त्यांना पक्कं सांगता येईना. त्यांनी वहीत लिहिलं: ‘ठिपक्यांचा डबा. आज दिसला.’ 

शेवटी त्यांनी धुळ्याच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला, विस्मरणाच्या आजाराच्या डॉक्टर, आणि गुपचूप फोन करून बुधवारची वेळ घेतली.

सोमवारी ते अंघोळीला गेले असताना कोकिळाबाई टेबल पुसत होत्या. वही उघडी पडली होती. नवऱ्याच्या वह्या त्या कधी वाचत नसत. तेल आणि आकडे यांखेरीज तिथे काय असणार? पण या पानावर आकड्यांच्या पुढे अक्षरं होती. ‘वरच्या खुणेपासून ४ वर. टाकल्याचं आठवत नाही.’ ‘६ वर. टाकल्याचं आठवत नाही.’ ‘९ वर. आठवत नाही. कोकिळेला सांगावं का?’

नाना बाहेर आले तेव्हा त्या वही घेऊन दारातच उभ्या होत्या.

“हे काय आहे?”

नाना आधी म्हणाले काही नाही, गाडीचं आहे. मग खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. डबा, कागद, सही, आबा, चहाचे कप. सांगताना ते बायकोकडे बघत नव्हते.

कोकिळाबाई मधेच बोलल्या, “थांबा. कोणता डबा म्हणालात?”

“कोठीतला. तेलाचा. निम्मा झालाय.”

“अहो, तो मी फोडला! समोरच्या शेठच्या चंद्रकांतावहिनी आहेत ना, त्यांच्या गोदामाचं शटर करकरत होतं, दिवाळी झाल्यावर. त्या म्हणाल्या थोडं तेल आहे का कसलं. मी अर्धा डबा त्यांच्या बरणीत ओतून दिला.”

“मला का नाही सांगितलं?”

“शटरला तेल दिलं हे काय सांगायचं? आणि तुम्ही मला का नाही सांगितलं? दोन महिने? दोन महिने तुम्ही एकटे हे घेऊन फिरलात आणि मी इथे पोळ्या लाटत होते?” त्यांचा आवाज फाटला. त्या आत गेल्या, ओट्यापाशी उगाच भांडी हलवली आणि परत आल्या. डोळे पुसलेले होते. “चंद्रकांतावहिनींना विचारू आत्ता?”

नानांनी मान हलवली. विचारायची गरज नव्हती. त्यांना हायसं वाटलं, पण पुरतं नाही. ते हळूच म्हणाले, “डबा तू दिलास हे ठीक. पण मग गाडीत तेल वाढतं कशानं?”

“ते तुम्हाला माहीत. तेलवाले तुम्ही.”

हे त्या रागानं बोलल्या. पण नानांच्या डोक्यात काहीतरी हललं. दोन महिने ते तेल किती आहे हेच बघत होते. तेल कसं आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. 

ते मेडिकलमधून एक मोठी सिरिंज आणि बारीक नळी घेऊन आले. पट्टीच्या भोकातून नळी सोडून इंजिनातलं थोडं तेल ओढलं आणि एका वाटीत काढलं. दुसऱ्या वाटीत कोठीतल्या डब्यातलं कोरं तेल. दोन्ही वाट्या चार तास ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं व्हावं. मग सिरिंजचा दट्ट्या काढला, तोंडाशी बोट धरून वीसच्या खुणेपर्यंत कोरं तेल भरलं.

“मी बोट काढतो. तू मोबाइलवर सेकंद बघ. शेवटचा थेंब तुटला की सांग.”

कोकिळाबाईंनी चष्मा लावला. तेल मधासारखं उतरलं. “चौसष्ट,” त्या म्हणाल्या.

सिरिंज पुसून नानांनी इंजिनातलं तेल भरलं. ते काळं तेल सरळ धार धरून गेलं. 

“एकोणचाळीस. मी चुकले का?”

“नाही चुकलीस. पुन्हा करू.”

आणखी तीनदा केलं. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. नानांनी वहीचं कोरं पान फाडलं, त्यावर काळ्या तेलाचा थेंब टाकला. मधे काळा डाग राहिला आणि भोवती एक पिवळट कडं लांबवर पसरत गेलं. त्यांनी कागद नाकाशी नेला आणि मग बायकोच्या नाकाशी धरला.

“कशाचा वास येतो?”

“रॉकेलसारखा.”

“डिझेल,” नाना म्हणाले. “तेल नाही वाढत. त्यात डिझेल मिसळतंय.”

आपण ओतत नव्हतो. हे कागदावर सिद्ध झालं होतं, आणि आकडे एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून नव्हते. दुसऱ्या माणसानं सेकंद मोजले होते.

पण अर्ध्या तासात नवा गुंता उभा राहिला. डिझेलची टाकी मागे, तेल पुढे इंजिनाच्या तळाशी. मधे भिंती, नळ्या, पंप. डिझेल तिथे जातंच कसं? ते कौतिककडे गेले. कौतिकनं पट्टी ओढली, हुंगली, आणि पुन्हा हुंगली.

“नाना, पंप गळत असेल. नाहीतर आत काही फाटलं असेल. इंजिन खोलावं लागेल.”

“खोलल्यावर कळेल?”

“कळायला पाहिजे.”

हे ‘पाहिजे’ नानांना आवडलं नाही. पातळ तेलावर इंजिन चालवणं मात्र बरं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी कौतिककडून तेल आणि फिल्टर तेवढे बदलून घेतले. गाडी जेमतेम एकोणीसशे किलोमीटर झाली होती. चारपैकी एकाही उत्तरात हा आकडा बसत नव्हता.

बुधवारी सकाळी दोघं धुळ्याला निघाले.

“डॉक्टरकडे आता कशाला?” नाना म्हणाले होते. “डब्याचा उलगडा झाला ना?”

“वेळ घेतलीय तर जाऊ. आणि धुळ्याचीच का घेतलीत? जळगावात डॉक्टर नव्हते?”

“जळगावात सगळे ओळखतात.”

कोकिळाबाईंनी जेवणाचा डबा भरून घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या.

एरंडोल मागे पडलं आणि तो पिवळा दिवा लागला. ठिपक्यांचा डबा. 

“तुला दिसतोय का?” नानांनी विचारलं.

“दिसतोय ना. न दिसायला काय झालं?”

तेही एक बरं झालं. पण दिवा जाईना, आणि तेल नुकतंच बदललेलं असताना हा कशाला लागतो हे कळेना. पारोळ्यात महामार्गाच्या कडेला एक गॅरेज दिसलं तशी नानांनी गाडी बाजूला घेतली. प्रेमराज नावाचा मिस्त्री होता, पन्नाशीचा, केस पांढरे, बोलणं पक्कं अहिराणी. नानांनी त्याला आधी दिवा दाखवला, मग पट्टीची हकीकत, सिरिंजचे आकडे, सगळं सांगितलं. प्रेमराजनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

“नाना, तुमनी गाडी बठ्ठी गावमाच फिरस का?”

“गावातच. भाजीबाजार, देऊळ. दोन-तीन किलोमीटर.”

“मंग हाईच शे!” तो म्हणाला, आणि कोकिळाबाईंचा चेहरा बघून साध्या मराठीवर आला. “बाई, या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात एक जाळी असते. काजळी बाहेर जाऊ नये म्हणून ती धरून ठेवते. जाळी भरली की हा दिवा लागतो आणि गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. त्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल आत सोडतं, म्हणजे धूर तापतो आणि काजळी जळते. पण त्याला गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग पळायला पाहिजे. तुमची गाडी काय करते? साफसफाई सुरू होते, तेवढ्यात देऊळ येतं, नाना गाडी बंद करतात. ते जास्तीचं डिझेल जळत नाही. इंजिनाच्या आतल्या भिंतीवरून ओघळतं आणि खाली तेलात उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा बंद.”

फुटलं काही नव्हतं, गळतही काही नव्हतं. गाडी बिचारी दर वेळी काम काढत होती आणि नाना दर वेळी तिला मधेच थांबवत होते. 

“म्हणजे इंजिन खोलायला नको?”

“कशाला खोलता? पळवा तिला. इथून धुळ्यापर्यंत थांबू नका. दिवा गेला तर समजा मी बरोबर. नाही गेला तर येताना इथंच या.”

निघता निघता नानांनी त्याला तो प्रश्न विचारलाच. “मग तेल किती दिवसांनी बदलायचं?”

प्रेमराजनं डोकं खाजवलं. “जो रोज पारोळा-धुळे करतो त्याला पुस्तकातले दहा हजार चालतात. तुमच्यासारख्याला किलोमीटर बघून उपयोग नाही. सहा महिने धरा. आणि पट्टी बघत जा. वर चढली की बदला, मग सहा महिने होवोत नाहीतर तीन. पुस्तकात लिहिलेलं असतं ना, खडतर परिस्थिती? ती हीच.”

“भाजीबाजार?”

“भाजीबाजार,” प्रेमराज म्हणाला.

मुकटी गाव मागे गेलं. नाना कधी नव्हे ते ऐंशीच्या वेगानं चालवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. कोकिळाबाई रस्त्याकडे न बघता त्या दिव्याकडे बघत होत्या. फागणे जवळ आलं आणि त्या एकदम ओरडल्या, “विझला!” नाना दचकले आणि गाडी जराशी हलली. मागून येणाऱ्या ट्रकनं जोरात हॉर्न दिला.

डॉक्टरांनी नानांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले. नानांनी चार सांगितले. पाचवा ‘छत्री’ होता, तो काही केल्या आठवला नाही, आणि त्यांचं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाल्या की या वयात चार चांगले आहेत, आत्ता काळजीसारखं काही दिसत नाही. भाऊ आजारी आहे म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बघू. पुढे काय होईल हे मी आज सांगू शकत नाही, असंही त्या स्पष्ट बोलल्या. नाना बाहेर आले तेव्हा त्यांना धड आनंदही होईना आणि धड भीतीही वाटेना. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दोघांनी डब्यातली भाजी-पोळी खाल्ली.

घरी आल्यावर त्यांनी चंपालालशेठना सगळं समजावून सांगितलं. शेठनी मान डोलावली आणि म्हणाले, “तरी पण पंधरा हजार.” कौतिक म्हणाला, “प्रेमराज कोण? मी तर पंप गळतोय म्हणतो.” जितेंद्रनं फोनवर सांगितलं की बाबा, कंपनीच्या माणसाला विचारतो, आणि तो विचारायचं विसरला. 

गाडी मात्र पळवणं आलं. दर पंधरा दिवसांनी निदान अर्धा-पाऊण तास, न थांबता. कुठे जायचं, असा प्रश्न नानांनी दोन दिवस घरात फिरवला. पहिल्या रविवारी ते एकटेच निघाले, भुसावळ मागे टाकलं, तापीचा पूल ओलांडला आणि सावद्याचा रस्ता धरला. आपण कुठे चाललोय हे त्यांना पुलावर गेल्यावर कळलं.

झिपरूआबा ओसरीवर बसले होते. नानांना बघून ते उठले नाहीत, पण गाडी बघून उठले. पुतण्या म्हणाला, “काका, आबाले गाडीत बसायले लय आवडते, पण आम्ही कुठं नेतो?” नानांनी भावाला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि फैजपूरपर्यंत नेऊन आणलं. आबा वाटभर दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा बघत होते, आणि मधून मधून मान हलवत होते.

त्यानंतर हा नेम झाला. एक रविवार आड. कधी कोकिळाबाई सोबत असत, कधी नसत. आबा कधी नानांना मास्तर समजत, कधी तलाठी. नाना दुरुस्त करायला जात नसत. पट्टीवरचं तेल मार्चभर जागेवर राहिलं. एप्रिलात जरा चढलं, तेव्हा नानांनी दर रविवारी जायला सुरुवात केली.

मे महिन्यातल्या एका सकाळी आमोद्याच्या पुढे वारा सुटला होता. रस्त्याकडेच्या नांगरलेल्या शेतातून माती उठून गाडीत येत होती. आबा समोर बघत होते. ते एकदम त्रासून म्हणाले, “तोत्या, काच लाव ना. डोयात माती जाऊ राह्यली.”

लहानपणी घरात सगळे नानांना याच नावानं हाक मारत. नानांनी वळून पाहिलं. आबांचं तोंड पुन्हा रस्त्याकडे होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी खरंच ओळखलं की नुसतं तोंडून निघालं, हे विचारावं की नाही, नानांना कळेना. त्यांनी काच वर केली आणि गाडी तशीच पुढे चालवत राहिले.